रक्ताच्या नळीपासून प्लेटवरच्या ठिपक्यापर्यंत: एचआयव्हीला ओळखणाऱ्या टी-पेशी कशा मोजायच्या

सीडी४ काउंट रक्तात सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांच्यात शिरतो त्या टी-पेशी) किती उरल्या आहेत ते सांगतो. त्यांतल्या किती पेशी एचआयव्हीला ओळखतात आणि ओळखल्यावर काय करतात, हे त्यातून कळत नाही. ते कळायचं तर पेशींना विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे दाखवावे लागतात आणि त्यांचा प्रतिसाद मोजावा लागतो. त्यासाठी सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या दोन पद्धती म्हणजे इंटरफेरॉन-गॅमा एलिस्पॉट (प्रतिसाद देणाऱ्या पेशीने सोडलेलं इंटरफेरॉन-गॅमा हे प्रथिन प्लेटवर पकडून त्याचे ठिपके मोजणं) आणि पेशीच्या आत सायटोकाइन (पेशी एकमेकींना संदेश द्यायला सोडतात ती प्रथिनं) रंगवून फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी रंगावरून मोजणाऱ्या यंत्रावर) वाचणं, म्हणजे आयसीएस. एलिस्पॉट सांगतो ‘किती’, आयसीएस सांगतो ‘कोणत्या आणि काय काय करणाऱ्या’. दोन्हींत जिवंत विषाणू लागत नाही, प्रयोगशाळेत बनवलेले प्रथिनांचे छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, पुरतात.

या कामात नवीन आलेल्यांचं सगळं लक्ष प्लेटवर आणि सायटोमीटरवर असतं. प्रतिसाद खरा दिसणार की नाही, हे मात्र बहुतेक वेळा रक्त काढल्यानंतरच्या पहिल्या आठ तासांत ठरून गेलेलं असतं. म्हणून इथे रक्त आणि पेशींवर जास्त लिहिलं आहे, यंत्रावर कमी.

आधी स्वतःची काळजी

पेप्टाइड निरुपद्रवी असले तरी नमुन्यात विषाणू असतो. पेशी फिक्स होईपर्यंतचं (रसायनाने मारून स्थिर करेपर्यंतचं) सगळं उघडं काम क्लास-२ बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये करा. हातमोज्यांचे दोन जोड, मागे बांधायचा गाऊन आणि डोळ्यांना चष्मा हवा. काचेचे पाश्चर पिपेट आणि सुया या कामातून पूर्ण हद्दपार करा, जे प्लास्टिकचं मिळतं ते प्लास्टिकचंच घ्या. सेंट्रिफ्यूजच्या बकेटला झाकण हवं आणि ते कॅबिनेटमध्येच उघडायचं. नळी आत फुटली असेल तर झाकण उघडेपर्यंत ते कळत नाही.

सांडलेलं रक्त आणि टाकाऊ द्रव यांसाठी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट वापरा, संपर्क ३० मिनिटांचा. ५ टक्क्यांचं द्रावण असेल तर एक भाग त्याचा आणि चार भाग पाणी. हे रोज ताजं करायचं, कारण उघड्या भांड्यातलं क्लोरीन उडून जातं आणि कालचं द्रावण आज नावापुरतंच उरतं. सक्शनच्या बाटलीत सुरुवातीलाच इतकं हायपोक्लोराइट घाला की बाटली भरल्यावरही त्याचा जोर टिकेल. हायपोक्लोराइट असलेला कचरा ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, विषारी वायू निघतो.

टोचलं किंवा कापलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. जखम पिळायची नाही आणि तोंडात बोट घालायचं नाही. प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकी चांगली, शक्यतो दोन तासांत. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो. जवळच्या एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्राचा फोन नंबर कॅबिनेटशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध होत नाही. हिपॅटायटिस-बीची लस काम सुरू करण्याआधीच घेतलेली हवी.

नळीवर नाव नको, फक्त सांकेतिक क्रमांक. २०१७च्या एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायद्याने माहितीपूर्ण संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली आहे. कायदा नसता तरी ज्याने रक्त दिलं त्याचं हे देणं आपण लागतोच.

रक्त: कोणती नळी, किती, किती वेळात

सोडियम हेपॅरिनची, हिरव्या टोपणाची नळी घ्या. इथे हमखास घोटाळा होतो, कारण सीडी४ काउंटचं रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत घेतात आणि संकलन केंद्रातल्या ताई सवयीने तीच उचलतात. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं. त्यात तासन्‌तास पडून राहिलेल्या टी-पेशींचा प्रतिसाद मंदावतो. उलट त्याच माणसाचा व्हायरल लोडही (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) करायचा असेल तर त्यासाठी ईडीटीएची वेगळी नळी घ्या, कारण हेपॅरिन पीसीआरला (व्हायरल लोड मोजण्याच्या पद्धतीला) अडथळा करतं. म्हणजे दोन कामांना दोन नळ्या. कागदावर ‘हिरवी २, जांभळी १’ असं रंगानेच लिहून दिलं की चूक टळते.

रक्त घेतल्यावर नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करा. हलवायची नाही, फक्त उलटवायची. त्यानंतर १८ ते २५ अंश सेल्सिअसमध्ये ठेवा. बर्फावर किंवा फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने प्लेटलेट चिकट होतात, पेशींचे गठ्ठे होतात आणि उतारा (हाती येणाऱ्या पेशींची संख्या) घटतो. एप्रिल-मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात नमुना दुचाकीवरून आणायचा असेल तर उलटी अडचण असते, नळी ४० अंशांत शिजते. जाड थर्माकोलचा डबा घ्या आणि त्यात फ्रीजरमधून थेट काढलेले जेल पॅक न ठेवता २० अंशांच्या आसपास रात्रभर ठेवलेले पॅक ठेवा. ते गारवा देत नाहीत, फक्त तापमान चढू देत नाहीत, आणि हवं तेवढंच आहे. डब्यात साधा तापमापक असू द्या.

रक्त काढल्यापासून पेशी वेगळ्या होईपर्यंत आठ तास, त्याहून जास्त नाही. ही मर्यादा कशासाठी, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. रक्त पडून राहिलं की न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) उद्दीपित होतात, त्यांची घनता कमी होते, आणि फायकॉलमधून (घनतेनुसार पेशी वेगळ्या करणाऱ्या द्रवातून) तळाला जायच्या ऐवजी ते पांढऱ्या पेशींच्या थरातच अडकतात. तिथे ते टी-पेशींचा प्रतिसाद दडपतात. तुमच्या मोजणीत हे कुठेच दिसत नाही, कारण पेशी जिवंत असतात आणि संख्याही भरते. फक्त ठिपके कमी येतात, आणि ‘या रुग्णाचा प्रतिसाद क्षीण आहे’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून रक्त काढल्याची वेळ नळीवर, पेशी गोठवल्याची किंवा प्लेटवर टाकल्याची वेळ वहीत, आणि दोघांतलं अंतर तासांत लिहा. ते अंतर निकालाच्या तक्त्यात एक स्तंभ म्हणून असायला हवं.

रक्त किती लागेल याचा हिशेब आधीच करा. एक मिली रक्तातून साधारण ८ ते १५ लाख पीबीएमसी (लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी) मिळतात. गॅग, पोल, एन्व्ह आणि नेफ या विषाणूच्या प्रथिनांच्या पेप्टाइडचे चार पूल (मिश्रणं), एक निगेटिव्ह आणि एक पॉझिटिव्ह नियंत्रण, प्रत्येकी तीन वेल (प्लेटवरचे खळगे), वेलमागे २ लाख पेशी, म्हणजे ३६ लाख. आयसीएसच्या चार नळ्या १० लाखांप्रमाणे ४० लाख. एकूण ७६ लाख, धुताना आणि रात्रभर ठेवताना होणारी गळती धरून सव्वा कोटी. लिम्फोसाइट कमी झालेल्या रुग्णात उतारा आणखी घसरतो. २० मिली घेतलं तर निश्चिंत राहता येतं.

फायकॉलवर पेशी वेगळ्या करणं

फायकॉल (घनता १.०७७ ग्रॅम प्रति मिली), पीबीएस (फॉस्फेट असलेलं खारं द्रावण) आणि रक्त ही तिन्ही खोलीच्या तापमानाला हवीत. फ्रिजमधून काढलेलं थंड फायकॉल जास्त दाट असतं आणि थर बिघडतो. फायकॉलची बाटली वापराआधी उलटीसुलटी करून एकजीव करा.

५० मिलीच्या नळीत १५ मिली फायकॉल घाला. १५ मिली रक्तात १५ मिली पीबीएस मिसळा. नळी ४५ अंशांत तिरकी धरून हे पातळ रक्त भिंतीवरून अगदी हळू सोडा. पहिल्या ५ मिलीला सर्वांत जास्त धीर लागतो, एकदा थर बसला की वेग थोडा वाढवता येतो. रक्त आणि फायकॉलमधली रेषा धारदार दिसली पाहिजे. धूसर झाली असेल तर ती नळी ओतून, मिसळून, नव्या फायकॉलवर पुन्हा रचा.

सेंट्रिफ्यूज ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट बल), ३० मिनिटं, २० अंश, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर शेवटच्या मिनिटात झटका बसून थर ढवळून निघतो. सेंट्रिफ्यूज अनेकांच्या वापरातलं असेल तर सुरू करण्याआधी ब्रेकची सेटिंग प्रत्येक वेळी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. वेग आरपीएममध्ये नव्हे, जीमध्ये ठरवा. रोटर बदलला की त्याच आरपीएमला जी वेगळा येतो.

थांबल्यावर वरून खाली पिवळा प्लाझ्मा, पांढरं कडं, पारदर्शक फायकॉल आणि तळाशी लाल पेशी दिसतील. वरचा प्लाझ्मा कड्याच्या सेंटिमीटरभर वर येईपर्यंत काढून टाका, म्हणजे हात मोकळा राहतो. मग प्लास्टिकच्या पिपेटने कडं भिंतीलगत गोल फिरवत उचला. हावरटपणे खालचं फायकॉलही ओढलं तर ते धुण्याच्या द्रवाची घनता वाढवतं, पेशी तळाला बसत नाहीत आणि ओतताना त्या निघून जातात. ‘उतारा निम्माच आला’ या तक्रारीचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे.

उचललेल्या पेशी २ टक्के एफबीएस (वासराच्या भ्रूणाचं सीरम) घातलेल्या पीबीएसने ५० मिलीपर्यंत भरा, ३०० जी, १० मिनिटं. दुसरं धुणं २०० जीला, १० मिनिटं. दुसऱ्या वेळी वेग मुद्दाम कमी ठेवायचा, म्हणजे प्लेटलेट वरच तरंगत राहतात आणि ओततानाच जातात. गोळीला लालसर छटा असेल तर एसीके लायसिस बफरमध्ये (लाल पेशी फोडणाऱ्या द्रावणात) तीन ते पाच मिनिटं ठेवून पुन्हा धुवा. थोड्या लाल पेशी राहिल्या तरी चालतात, प्लेटलेट राहिल्या तर पेशी एकमेकांना चिकटतात.

मोजणी ट्रिपॅन ब्लूने (हा रंग फक्त मेलेल्या पेशींत शिरतो): पेशी आणि रंग समप्रमाणात, न्यूबाउर चेंबरमधल्या चार मोठ्या चौकोनांची सरासरी गुणिले २ गुणिले १०,००० म्हणजे मिलीमागे पेशी. ताज्या पेशींत ९५ टक्क्यांहून जास्त जिवंत हव्यात.

गोठवणं आणि वितळवणं

एका रुग्णाचे वेगवेगळ्या महिन्यांतले नमुने एकाच दिवशी, एकाच प्लेटवर तपासायचे असतील तर गोठवण्याला पर्याय नाही. एफबीएस ९० टक्के आणि डीएमएसओ (गोठताना पेशींना बर्फापासून वाचवणारं द्रावक) १० टक्के हे मिश्रण बर्फावर गार करून घ्या. कुपीमागे एक मिलीत १ कोटी पेशी. डीएमएसओ घातल्यानंतर कुपी दहा मिनिटांच्या आत गोठवायच्या डब्यात गेली पाहिजे, खोलीच्या तापमानाला डीएमएसओ पेशींना मारतं. डबा उणे ८० अंशांत रात्रभर ठेवा, म्हणजे मिनिटाला एक अंश या गतीने तापमान उतरतं. डब्यात आयसोप्रोपॅनॉल असेल तर ते पाच वेळा वापरल्यावर बदला. जुन्या आयसोप्रोपॅनॉलमध्ये पाणी शिरलेलं असतं आणि थंड होण्याची गती बिघडते.

दुसऱ्या दिवशी, फार तर तिसऱ्या, कुप्या द्रव नायट्रोजनच्या वाफेत हलवा. ‘सोमवारी हलवू’ म्हणत उणे ८०मध्ये आठवडे गेले की जिवंत पेशींचं प्रमाण घसरतं. सुट्ट्या आणि वीज जाण्याच्या काळात नायट्रोजनची पातळी कोण बघणार, हे नावानिशी ठरवून ठेवा.

वितळवताना घाई, पातळ करताना संयम. कुपी ३७ अंशांच्या पाण्यात धरा, हरभऱ्याएवढा बर्फ उरला की बाहेर काढा. पुढे लागणारं माध्यम म्हणजे आर-१०: आरपीएमआय-१६४०, १० टक्के उष्णतेने निष्क्रिय केलेलं एफबीएस, ग्लुटामिन, हेपेस आणि पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन. ते ३७ अंशांना तापवून, मिलीला ५० युनिट बेन्झोनेज घालून, पहिला मिली थेंबाथेंबाने सोडा, मग १० मिलीपर्यंत भरा. बेन्झोनेज मेलेल्या पेशींतून सांडलेला डीएनए तोडतं. ते नसेल तर तो डीएनए जिवंत पेशींनाही चिकटवून जेलीसारखा गोळा करतो. ३०० जी, १० मिनिटं, दोनदा धुणं.

मग मिलीला २० लाखांप्रमाणे आर-१०मध्ये ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये रात्रभर विश्रांती. हा टप्पा वेळखाऊ वाटतो आणि वगळावासा वाटतो, पण वगळू नका. गोठवताना जखमी झालेल्या पेशी वितळल्या वितळल्या जिवंतच दिसतात आणि पुढच्या काही तासांत मरतात. विश्रांतीनंतर पुन्हा मोजलेली संख्याच खरी. त्या वेळी ७० टक्क्यांहून कमी जिवंत असतील तर तो नमुना वापरू नका. आधी केलेल्या मोजणीवर वेलमध्ये २ लाख टाकल्या आणि त्यांतल्या ६० हजार रात्रीत मेल्या, तर तुमचा भाजकच चुकला.

पेप्टाइड: कोणत्या विषाणूचे?

भारतात एचआयव्ही-१चा बहुतांश प्रसार उपप्रकार सी या विषाणूचा आहे, दक्षिण आफ्रिकेतही तसाच. पाश्चात्त्य देशांत उपप्रकार बी जास्त, आणि कॅटलॉगमधले सहज मिळणारे पेप्टाइड संच अनेकदा बीचेच असतात. बीचे पेप्टाइड आपल्याकडच्या रुग्णांच्या पेशींना दाखवले तर जिथे अमिनो आम्लं जुळत नाहीत तिथले प्रतिसाद निसटतात. सीच्या सर्वसामान्य क्रमावर बेतलेला संच मागवा.

नेहमीची रचना १५ अमिनो आम्लांच्या तुकड्यांची, लगतच्या तुकड्यांत ११ सामाईक. म्हणजे दर तुकडा चार घरं पुढे. सुमारे ५०० अमिनो आम्लांच्या गॅगसाठी असे १२३ तुकडे होतात. सीडी८ पेशी (बाधित पेशींना मारणाऱ्या टी-पेशी) नऊच्या आसपास लांबीचे तुकडे ओळखतात, सीडी४ त्याहून लांब. १५ची लांबी दोघींचं काम भागवते.

पूल बनवताना डीएमएसओचा हिशेब चुकतो तिथेच प्रयोग बसतो. प्रत्येक पेप्टाइड शुद्ध डीएमएसओत मिलीला ५० मिलिग्रॅम विरघळवा. १२३ पेप्टाइड सारख्या प्रमाणात मिसळले की पूलमध्ये प्रत्येकाचं प्रमाण मिलीला ४०० मायक्रोग्रॅमच्या थोडं वर येतं. हा पूल वेलमध्ये २०० पट पातळ झाला की प्रत्येक पेप्टाइड २ मायक्रोग्रॅम आणि डीएमएसओ ०.५ टक्के. ही वरची हद्द समजा. सुरुवातीला पेप्टाइड मिलीला १० मिलिग्रॅमच विरघळवले असतील तर तेवढ्याच पेप्टाइडसाठी डीएमएसओ पाचपट जाईल आणि पेशी गुंगीत जातील. पूल छोट्या छोट्या कुप्यांत भरून उणे ८०मध्ये ठेवा आणि एकदा वितळवलेली कुपी पुन्हा गोठवू नका.

एलिस्पॉट

पीव्हीडीएफ पडद्याची ९६ वेलची प्लेट घ्या. वेलमागे १५ मायक्रोलिटर ३५ टक्के इथेनॉल घाला, एका मिनिटाच्या आत निर्जंतुक पाण्याने पाच वेळा धुवा. पडदा करडा आणि किंचित पारदर्शक दिसला म्हणजे भिजला. इथेनॉल जास्त वेळ राहिलं तर खालून गळती लागते, उरलं तर पेशी मरतात. इथून पुढे रंग येईपर्यंत पडदा कोरडा पडता कामा नये.

इंटरफेरॉन-गॅमा पकडणारी अँटिबॉडी (१-डी१के) पीबीएसमध्ये मिलीला १५ मायक्रोग्रॅम, वेलमागे १०० मायक्रोलिटर, ४ अंशांत रात्रभर. सकाळी पीबीएसने पाच वेळा धुवा, आर-१० २०० मायक्रोलिटर घालून किमान अर्धा तास ठेवा. मग ते ओतून पेप्टाइडचं द्रावण १०० मायक्रोलिटर (अंतिम प्रमाणाच्या दुप्पट), वर पेशी १०० मायक्रोलिटर, मिलीला २० लाखांच्या. निगेटिव्ह नियंत्रणात तेवढंच डीएमएसओ, नुसतं माध्यम नाही. पॉझिटिव्हला पीएचए (जवळपास सगळ्या टी-पेशींना चेतवणारं प्रथिन) मिलीला ५ मायक्रोग्रॅम, पण तिथे पेशी ५० हजारच टाका, नाहीतर सगळी वेल निळी होऊन मोजता येत नाही. पीएचए फक्त पेशी जिवंत आहेत हे सांगतं. त्या प्रतिजन ओळखून प्रतिसाद देतात का, यासाठी सीएमव्ही, ईबीव्ही आणि फ्लूच्या पेप्टाइडचा सीईएफ पूल जास्त प्रामाणिक साक्षीदार आहे.

३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, १६ ते २० तास. प्लेट एकावर एक रचू नका, मधल्या प्लेटला उष्णता उशिरा पोचते. ठेवल्यानंतर इन्क्युबेटरचं दार आपटू नका आणि प्लेट हलवून बघू नका. पेशी जिथे बसली तिथेच तिचा ठिपका उमटतो, सरकली तर शेपटीवाला, पुसट ठिपका येतो. सगळ्या पेशी वेलच्या एका कडेला चंद्रकोरीसारख्या जमल्या असतील तर शेल्फ तिरका आहे, स्पिरिट लेव्हल लावून बघा.

दुसऱ्या दिवशी पेशी हायपोक्लोराइटमध्ये ओता, पीबीएसने पाच वेळा धुवा. बायोटिन लावलेली दुसरी अँटिबॉडी (७-बी६-१) मिलीला १ मायक्रोग्रॅम, ०.५ टक्के एफबीएस असलेल्या पीबीएसमध्ये, दोन तास. धुवा. स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिन-एएलपी हजारास एक, एक तास. धुवा. बीसीआयपी/एनबीटी (ठिपक्यांना रंग देणारं द्रावण) गाळून घ्या, कारण न गाळलेल्यातले कण रीडर, म्हणजे ठिपके मोजणारं यंत्र, ठिपके म्हणून मोजतो. १०० मायक्रोलिटर घाला आणि तिथेच उभे राहून पीएचएच्या वेलकडे बघत राहा. पाच ते पंधरा मिनिटांत जांभळट निळे ठिपके येतात. नळाच्या भरपूर पाण्याने थांबवा, प्लेटचं खालचं प्लास्टिक काढून पडद्याची मागची बाजूही धुवा, अंधारात वाळवा. पावसाळ्यात वाळायला एक रात्र पुरत नाही, आणि ओलसर पडदा काळपट दिसून रीडरची पार्श्वभूमी वाढवतो. पूर्ण वाळल्याशिवाय वाचू नका.

खऱ्या ठिपक्याचा मध्य गडद असतो आणि कड विरत जाते. धारदार कडेचा, एकसारख्या रंगाचा ठिपका म्हणजे बहुधा रंगाचा कण किंवा धागा. रीडरची मोजणी आंधळेपणाने घेऊ नका, प्रत्येक वेलचं चित्र डोळ्यांखालून घाला.

हिशेब असा: गॅगच्या तीन वेलमध्ये ४२, ४७, ४० ठिपके, सरासरी ४३. निगेटिव्हमध्ये ३, २, ४, सरासरी ३. फरक ४०. वेलमध्ये २ लाख पेशी होत्या, म्हणून पाचने गुणून दर दहा लाख पीबीएमसींमागे २०० ठिपके. प्रतिसाद धरायचा तर दर दहा लाखांमागे किमान ५०-५५ ठिपके आणि निगेटिव्हच्या चौपट, असा दुहेरी निकष अनेक प्रयोगशाळा वापरतात. तुमचा निकष एचआयव्ही नसलेल्या दात्यांवर तपासून प्रयोगाआधी लिहून ठेवा, आकडे बघून नंतर ठरवू नका. निगेटिव्हमध्येच दर दहा लाखांमागे ५०हून जास्त ठिपके आले तर ती प्लेट बाद.

पार्श्वभूमी सगळ्या वेलमध्ये चढली असेल तर पहिला संशय एफबीएसच्या नव्या लॉटवर घ्या. चार-पाच लॉटचे छोटे नमुने मागवा, निगेटिव्ह आणि सीईएफ दोन्ही लावून सर्वांत शांत आणि तरीही सर्वांत बोलका लॉट निवडा, आणि अभ्यास संपेपर्यंत पुरेल इतका एकदम घ्या. या एका खरेदीने पुढची निम्मी डोकेदुखी वाचते.

आयसीएस: कोणती पेशी, काय करते

नळीमागे १० लाख पेशी, एक मिलीत. पेप्टाइड २ मायक्रोग्रॅम, सोबत सीडी२८ आणि सीडी४९डी विरुद्धच्या अँटिबॉडी प्रत्येकी १ मायक्रोग्रॅम. पॉझिटिव्हला एसईबी (टी-पेशींना चेतवणारं जिवाणूचं विष) १ मायक्रोग्रॅम. पेशी मारण्याची क्षमता बघायची असेल तर सीडी१०७एची रंगीत अँटिबॉडी आणि मोनेन्सिन सुरुवातीलाच घाला. हा रेणू क्षणभर पृष्ठभागावर येऊन परत आत जातो, नंतर रंगवून सापडत नाही. एका तासाने ब्रेफेल्डिन-ए मिलीला १० मायक्रोग्रॅम घालून सायटोकाइन आतच कोंडा, आणखी पाच तास ३७ अंशांत ठेवा. ब्रेफेल्डिन विसरलं तर सायटोकाइन बाहेर निघून जातं आणि नळी रिकामी दिसते.

मग क्रम: मृत पेशींचा अमाइनला चिकटणारा रंग साध्या पीबीएसमध्ये २० मिनिटं (प्रथिन असेल तर रंग त्यालाच चिकटतो), पृष्ठभागावरच्या अँटिबॉडी, फिक्स आणि पर्म (अँटिबॉडी आत जाण्यासाठी पेशीच्या आवरणाला छिद्रं पाडणं) २० मिनिटं, मग पर्म बफरमध्ये इंटरफेरॉन-गॅमा, आयएल-२ आणि टीएनएफ. सीडी३ आणि सीडी४ शक्यतो याच शेवटच्या टप्प्यात, आतून रंगवा. उद्दीपित पेशी हे रेणू पृष्ठभागावरून आत ओढतात, आणि एचआयव्ही शिरलेल्या पेशींत विषाणू स्वतःच सीडी४ खाली ओढतो. बाहेरून रंगवलं तर नेमक्या प्रतिसाद देणाऱ्या पेशीच गेटबाहेर (मोजणीसाठी निवडलेल्या गटाबाहेर) पडतात.

किती पेशी वाचायच्या ते अंदाजाने नाही, गणिताने ठरवा. सीडी४ पेशींत ०.०५ टक्के प्रतिसाद अपेक्षित असेल आणि किमान ५० पेशी बघायच्या असतील तर १ लाख सीडी४ पेशी वाचल्या पाहिजेत. सीडी४ कमी झालेल्या रुग्णात तेवढ्यासाठी अख्खी नळी संपवावी लागते, कधी दोन. गेटिंगचा क्रम एकेरी पेशी, लिम्फोसाइट, जिवंत, सीडी१४ आणि सीडी१९ नसलेल्या (म्हणजे मोनोसाइट आणि बी-पेशी वगळून), सीडी३, मग सीडी४ आणि सीडी८. सायटोकाइनची सीमारेषा निगेटिव्ह नळी आणि एफएमओ (एक रंग वगळून बाकी सगळे लावलेली नळी) बघून आखा आणि एका रुग्णाच्या सगळ्या नळ्यांना तीच रेषा लावा. फिक्स केलेल्या पेशी २४ तासांत वाचा.

आकडे वाचताना

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन इथे सी उपप्रकाराच्या, औषधं सुरू नसलेल्या ५७८ जणांवर झालेल्या अभ्यासात (२००७) गॅगच्या जितक्या जास्त भागांना प्रतिसाद, तितका व्हायरल लोड कमी, असं दिसलं. एन्व्हच्या बाबतीत चित्र उलट होतं. म्हणून सगळ्या प्रथिनांचे ठिपके बेरीज करून एकच आकडा देऊ नका, प्रथिनवार द्या.

एआरटीवर वर्षानुवर्षं असलेल्या माणसात विषाणू दबलेला असतो, पेशींना प्रतिजन दिसत नाही आणि ठिपके कमी होतात. हे औषधाचं यश आहे, प्रतिकारशक्तीचा पराभव नाही. अशा वेळी रक्त जास्त घ्या किंवा पेशी पेप्टाइडसोबत १० ते १२ दिवस वाढवून मग एलिस्पॉट करा. पण वाढवलेल्या पेशींचा आकडा थेट आकड्याशेजारी ठेवून तुलना करू नका.

प्रतिसाद नाही असं दिसलं तरी विषाणूने तो भागच बदलून घेतलेला असू शकतो. पेप्टाइड सर्वसामान्य क्रमाचा, रुग्णातला विषाणू त्याचा स्वतःचा.

आणि भाजक. एलिस्पॉट दर दहा लाख पीबीएमसींमागे मोजतो, पण सीडी४ घटले की त्याच दहा लाखांत सीडी८ पेशींचा वाटा वाढतो. दोन भेटींतले ठिपके १५०वरून २२० झाले असतील आणि त्याच काळात सीडी८चं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४४ टक्के झालं असेल, तर सीडी८ पेशींमागचा प्रतिसाद होता तिथेच आहे. म्हणून प्लेट लावायच्या दिवशी त्याच नमुन्याच्या २ लाख पेशी बाजूला काढून सीडी३, सीडी४ आणि सीडी८ रंगवून घ्या, आणि ती टक्केवारी ठिपक्यांच्या शेजारच्या स्तंभात लिहा.